पुष्पा ‘नाइस’ म्हणाली, त्याबद्दल

मु. तांडा, पो. नेर, जि. यवतमाळ
(तारीख घालत नाही. पत्र पुरं व्हायला किती दिवस लागतील याचा भरवसा नाही.)

आदरणीय लालसिंगभाऊ यांस धरमसिंगचा रामराम, आणि वहिनींना जय सेवालाल.

तुमचा गुडघा आता कसा आहे ते कळवावं. मागे तुम्ही म्हणाला होतात की जिना चढताना दुखतो आणि उतरताना दुखत नाही. तर माझा सल्ला असा की थोडे दिवस नुसतं उतरत जा. वहिनींचं बीपी, सुनेची नोकरी, दारातलं सीताफळ, सगळं जागच्या जागी असेल असं धरून चालतो. इकडे तूर फुलावर आहे, कापसाची पहिली वेचणी आटोपली, दुसरीला बाया मिळत नाहीत, आणि तुमच्या बहिणीची, म्हणजे आमच्या रुपीबाईची, कंबर वेचणीला धरते व नेरच्या बाजाराच्या दिवशी आपोआप सुटते. मी ठीक आहे. म्हणजे तब्येतीने ठीक आहे. डोक्याचं काही सांगता येत नाही, आणि त्यासाठीच हे पत्र.

तुम्ही म्हणाल, आजच्या दिवसांत पत्र कायले, फोन का केला नाही. तर भाऊ, आमच्या तांड्यात मोबाइलला रेंज धरते ती एकाच ठिकाणी, हिरासिंग नायकाच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या ओट्यावर. तिथे उभं राहून बोललेलं सगळ्या तांड्याला ऐकू जातं, आणि जो शेतात होता त्याला बाकीचे संध्याकाळी पुन्हा सांगतात, स्वतःच्या पदरचे दोन शब्द घालून. शिवाय फोनवर तुम्ही ‘हो, हो’ म्हणत पेपर वाचत असता हे मला ठाऊक आहे (मागे म्हैस गेली म्हणून कळवलं तर तुम्ही पेढे कधी म्हणून विचारलं होतंत). पत्र मात्र तुम्ही नीट वाचता, लाल पेनाने चुकासुद्धा काढता. आणि हो, घरात बोलणं झालं ते गोरबोलीतच झालं, पण आपली बोली कागदावर उतरवायला बसलो की माझा हात अडतो, म्हणून नेरच्या बाजारात बोलतो तशा भाषेत इथे लिहिलं आहे. त्याबद्दल मार्क कापू नयेत.

तर मुद्दा. तुम्ही घाटंजीला जन्मभर इंग्रजी शिकवलं. अख्ख्या तालुक्यात तुमच्या हातचा मार न खाल्लेला इंग्रजी बोलणारा माणूस सापडणार नाही. मला एका इंग्रजी शब्दाचा अर्थ हवा आहे. शब्द साधा, रोजचा, पोरासोरांच्या तोंडातला: नाइस. हसू नका. मीही आधी हसलो होतो, आता जेवण जात नाही.

झालं असं, की आपल्या पुष्पाला पाहायला पाहुणे आले. पुष्पा यवतमाळला औषधाच्या दुकानात काम करते, शनिवारी संध्याकाळच्या गाडीने घरी येते आणि सोमवारी सकाळी परत जाते, म्हणून पाहुण्यांना रविवारचं बोलावलं. पाहुणे म्हणजे तुमच्या घाटंजीच्या पलीकडच्या तांड्यावरचे धावजी. तुम्ही त्यांना ओळखता, बाजाराच्या दिवशी तुमच्या दारावरून जातात. त्यांचा मुलगा शाम सोलर पंप बसवणाऱ्या कुठल्याशा कंपनीत सुपरवायझर आहे. मुलगा अंगापिंडाने बरा, शर्टाची इस्त्री कडक, आणि खिशात दोन मोबाइल. त्याने आम्हाला पंपाची माहिती दिली. फार चांगली दिली. पॅनल कोणत्या दिशेला ठेवायचं, ढग आले तर काय होतं, ढग गेले तर काय होतं, सगळं. पोहे, चहा, पंप, मग जेवण, मग परत पंप, असा कार्यक्रम झाला. धावजींनी वांग्याची भाजी तिसऱ्यांदा मागून घेतली आणि मीठ जास्त झालं म्हणाले, त्यावरून भाजी त्यांना मनापासून आवडली हे आम्ही समजलो. आपल्या भागात कौतुकाची रीत तुम्हाला माहीतच आहे. तोंडावर चांगलं म्हटलं की रांधणारीला संशय येतो. माणूस मला भारी आवडला. मी त्यांच्यासोबत ओसरीवर बसून इतका हसलो की दुसऱ्या दिवशी बरगड्या दुखत होत्या.

आता इथे आपली रीत आडवी आली. आपल्या घरात बाप लेकीला नवऱ्या मुलाबद्दल स्वतःच्या तोंडाने विचारत नाही. माझ्या बापाने माझ्या बहिणींना विचारलं नाही (तेव्हा कोणीच कोणाला विचारत नव्हतं, ती गोष्ट वेगळी). आता जमाना बदलला, आता विचारावं लागतं, पण म्हणून बापाने विचारायचं असं नाही. बाप आईला सांगतो, आई लेकीला विचारते, लेक आईला सांगते आणि आई ओसरीवर येऊन बापाला सांगते. त्याप्रमाणे पाहुणे गेल्यावर मी रुपीबाईला खूण केली, ती आत गेली, थोड्या वेळाने पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “पोरगी नाइस म्हणते.”

मी म्हटलं, “म्हणजे हो का नाही?”

“ते मले काय माहीत? मी विचारलं पोरगा कसा हाय, ते म्हणली नाइस.”

मी विचारलं, म्हणताना तोंड कसं होतं. तर म्हणे भाकरी थापत होती, तोंड परातीकडे होतं. आवाज कसा होता? तर म्हणे भाकरी थापताना जसा असतो तसा. मग परत जाऊन विचार म्हटलं, तर तुमची बहीण माझ्यावरच उलटली. एकदा विचारलं, एकदा सांगितलं, आता परत विचारलं तर पोरीला वाटेल की आपल्याला तिचं उत्तर पसंत नाही. आणि आत दोन काक्या बसल्या होत्या त्यांना वाटेल की पोरगी नाही म्हणाली. तिचं म्हणणं चूक नव्हतं. तिचं म्हणणं कधीच चूक नसतं, हा आमच्या संसारातला मोठा त्रास आहे.

दुसऱ्या दिवशी हिरासिंग नायक येऊन बसला. तुम्हाला त्याचा स्वभाव माहीत आहे. तांड्याचा मुखिया तो, कुणाच्या घरी लग्नाचं वारं लागलं की त्याच्या अंगात दहा माणसांचं बळ येतं. तो म्हणाला, नाइस म्हणजे हो, यात विचारायचं काय, साखर लावलेल्या बिस्किटावर हाच शब्द छापलेला असतो. मी म्हटलं, बिस्किटावरून पोरीचं लग्न ठरवायचं का? तर म्हणाला, कंपनी कडू वस्तूवर तो शब्द कशाला छापेल. आणि एवढ्यावर तो नेरला गेला व गुळाची भेली विकत घेऊन आला. आता गुळाचं तुम्हाला सांगायला नको. नायकाच्या अंगणात दोन्हीकडच्यांनी मिळून गूळ खाल्ला की शब्द दिला गेला. मग तो फिरवणं म्हणजे अख्ख्या तांड्याचं तोंड फिरवणं. ती भेली त्याच्या घरात फडक्यात बांधून ठेवलेली आहे. उद्या अर्थ उलटा निघाला तर? आणि त्याहून वाईट, पोरीच्या मनात नसताना गूळ खाल्ला गेला तर? पुष्पा आमची एकच. तिने एकदा मान खाली घातली की ती वर करून काय ते सांगणार नाही, ही तिची जात मी ओळखून आहे. तेवढ्यासाठी मी नायकाच्या घरावर नजर ठेवून आहे, आणि नायकाला वाटतं मी गुळाच्या वासाने येतो.

इकडे धावजींचा फोन सुरू झाला. रोज संध्याकाळी नायकाचा माणूस येऊन सांगणार की फोन आला आहे, मग मी ओट्यावर जाऊन उभा राहणार, सगळा तांडा काम थांबवून कान देणार, आणि धावजी विचारणार, “मंग, काय म्हणते पोरगी?” मी म्हणायचो, “म्हणते, म्हणते.” ते म्हणायचे, बरं बरं. मग आम्ही दोघं कापसाच्या भावावर बोलायचो. सभ्य माणूस आहे, जास्त खोदून विचारत नाही, त्याने माझी आणखीच पंचाईत होते.

शेवटी मी नेरला गेलो. स्टँडजवळ अंकुरचं झेरॉक्स आणि ऑनलाइनचं दुकान आहे, पीकविमा तिथेच भरतो. त्याला म्हटलं, बाबू, नाइस या शब्दाचा पक्का अर्थ पाहून दे. तो म्हणाला, काका, नाइस म्हणजे चांगलं. मी म्हटलं, असं तोंडी नको, मुळापासून पाहा; सातबारा काढताना तू मूळ मालकापासून पाहतोस ना, तसं. हे माझं चुकलं. मुळापासून पाहायला सांगितलं नसतं तर आज मी सुखात असतो.

अंकुरने मोबाइलवर वाचून मराठीत सांगायला सुरुवात केली आणि मी स्टुलावर बसलो तो उठलोच नाही. हा शब्द म्हणे मुळात इंग्रजीच नाही. लॅटिन नावाच्या जुन्या भाषेत दोन तुकडे आहेत, एकाचा अर्थ ‘नाही’ आणि दुसऱ्याचा अर्थ ‘जाणणे’. दोन्ही जोडले की झालं, ज्याला काही कळत नाही असा. सरळ सांगायचं तर अडाणी. तिथून तो शब्द फ्रान्सात गेला, तिथे त्याचा झाला मूर्ख, बावळट. इंग्रजांनी सातशे वर्षांपूर्वी तो त्यांच्याकडून उचलला आणि तेही तो मूर्खालाच लावायचे. पण शब्द एका जागी राहीना. कधी त्याचा अर्थ झाला लाजराबुजरा, कधी नखरेल, कधी नाजूक, कधी काटेकोर. आपले पूर्वज बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचे, या बाजारात मीठ उतरवायचे, त्या बाजारात धान्य भरायचे, तशातला प्रकार. गोणी तीच, आतला माल दर मुक्कामाला निराळा. आणि चांगला, मनाजोगा, हा अर्थ तर अगदी परवाचा, अडीचशे वर्षांतला. मूर्ख या अर्थाने तो त्याच्या दुप्पट काळ वापरला असेल. मग मला सांगा, जुना वहिवाटदार खरा की नवा? मी अंकुरला म्हटलं, यावर कोर्टात काय निकाल लागेल? तो म्हणाला, काका, तुम्हाला झेरॉक्स काढायची आहे का, मागे लाईन लागली आहे.

तेव्हापासून माझ्यापुढे एकच प्रश्न आहे. आपली पुष्पा नेमक्या कोणत्या शतकातलं नाइस म्हणाली?

परत येताना एसटीत बसून मी एकेक अर्थ शामला लावून पाहिला. अडाणी म्हणावं, तर बोंडअळीबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला होता की साहेबांना विचारून सांगतो. म्हणजे लागू पडतो. लाजरा म्हणावं, तर सगळा वेळ तो पुष्पाकडे न बघता पंपाच्या माहितीपत्रकाकडे बघत होता. नखरेल म्हणावं, तर पोह्यांतले शेंगदाणे त्याने वेचून बशीच्या काठावर एका ओळीत लावून ठेवले होते. वांग्याच्या तिखटाने त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा नाजूक झाला. बसण्याआधी खुर्ची रुमालाने पुसली आणि रुमालाची परत चार कोपरे जुळवून घडी घातली, तेव्हा काटेकोर. आणि निघताना माझ्या पाया पडला, रुपीबाईच्या पडला, आणि गोठ्याजवळ उभ्या असलेल्या आमच्या सालगड्याच्याही पडला (सालगडी अजून त्याचं नाव काढतो), म्हणजे चांगलाही झाला. भाऊ, सात शतकांतला एकही अर्थ त्या पोराने सोडला नाही. असा मुलगा शोधून सापडणार नाही, पण घ्यावा की न घ्यावा?

मग मी ठरवलं की पोरीला शामबद्दल विचारता येत नसलं तरी बाकीच्या गोष्टींबद्दल विचारायला रीत आडवी येत नाही. पुढच्या शनिवारी ती आली तेव्हा मी मुद्दाम कारल्याची भाजी करायला लावली. पुष्पा लहानपणापासून कारल्याला शिवत नाही. भाजी कशी झाली म्हटलं, तर फोड पानाच्या कडेला सारून म्हणाली, नाइस. पुढची भिंत मी नायकाकडे उरलेल्या पोपटी रंगाने रंगवली आहे; ती पाहून बैल बुजतो. पुष्पाला दाखवली, तर म्हणाली, नाइस. शेजारच्या बबिताचं बाळ दाखवायला नेलं (बाळ सुदृढ आहे, याहून जास्त मी काही बोलणार नाही), तिथेही नाइस. तोवर मी मनात धरून चाललो होतो की हा शब्द ती खोटंच बोलायला वापरते. पण रविवारी संध्याकाळी आमच्या कुत्रीची पिल्लं पाहिली, त्यातलं एक उचलून मांडीवर घेतलं, जेवायला बसेपर्यंत खाली ठेवलं नाही, आणि त्याच्या कानाशी पुन्हा तोच शब्द, नाइस. आवाजात फरक होता का, हे ऐकायला मी जरा जवळ गेलो तर पिल्लू माझ्यावर भुंकलं. रुपीबाई चुलीपासून ओरडली, “पोरीले घरी बोलावलं का परीक्षेले बसवलं?” मी ओसरीवर निघून आलो. पण हिशोब माझ्या डोक्यात पक्का झाला होता. कारल्याला नाइस म्हणजे नको, पिल्लाला नाइस म्हणजे हवं. आता शाम कारलं आहे की पिल्लू, एवढंच मला कळायचं राहिलं आहे.

तरी तुम्ही शांतपणे विचार करून, जरूर तर जाडी डिक्शनरी काढून, या शब्दाचा चालू वर्षातला, यवतमाळ जिल्ह्यापुरता आणि पंचविशीच्या मुलीच्या तोंडचा अर्थ उलट टपाली कळवावा. वहिनींनाही विचारावं. बायकांना शब्दापेक्षा न बोललेलं जास्त ऐकू येतं, असं रुपीबाईचं म्हणणं आहे, आणि तिचं म्हणणं कसं असतं ते वर आलंच आहे. गुडघ्याला जपा. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा.

तुमचा,
धरमसिंग

ता. क. वर अर्थ विचारला तो विचारायचा म्हणून विचारला. खरी गोष्ट अशी की तुम्ही मामा. बापाला रीत आडवी येते, मामाला येत नाही. मामाने भाचीला काहीही विचारावं आणि तिने त्याला काहीही सांगावं. तेव्हा डिक्शनरी राहू द्या. येत्या रविवारी तुम्हीच या, सीताफळं द्यायला आलो म्हणा (सीताफळं आणा, नाहीतर खोटं पडेल), आणि तिला बाजूला घेऊन विचारा. नायक फार दिवस थांबणार नाही. भेलीला मुंग्या लागल्या आहेत आणि तो त्याला शुभशकुन म्हणतो.

ता. क. दुसरा. तुम्ही येऊ नका. पत्र घरातच राहिलं होतं, पाकीट आणायचं मी विसरलो, ते बरंच झालं. आज सोमवार. पुष्पाला सकाळी फाट्यावर गाडीला सोडायला मोटारसायकलवर घेऊन गेलो. मोटारसायकलवर एक सोय असते, भाऊ, जी घरात नसते. दोघांची तोंडं एकाच दिशेला असतात. कोणी कोणाकडे बघत नाही, आणि रीत म्हणजे शेवटी बघण्याचीच भीती. मी तुरीकडे बघत विचारलं, “पुष्पा, तो पोरगा कसा हाय?”

तिने मागे पिशवी सावरून धरली. मला वाटलं वाऱ्यात ऐकू गेलं नाही. मग म्हणाली, “बा, वाईट नाही तो. पण एवढा वेळ बसला, मले एक गोष्ट नाही विचारली त्यानं. दुकानात काय करते, पुढं काय करायचं, काही नाही. पंपाचंच सांगत राह्यला.”

मी म्हटलं, “मंग नाइस काहून म्हणली?”

“अन् काय म्हणू? दोन काक्या बसल्या होत्या. तुमी दिवसभर पाहुण्यांसंग हसून राह्यले होते. तुमाले इतकं हसताना म्या कदी पाह्यलं नाही. मले नाही म्हणवलं नाही.” आणि थोडं पुढे गेल्यावर, “तसं पाह्यलं तं मले तुमीबी नाही विचारलं, बा.”

मी म्हटलं, आता विचारून राह्यलो ना. तर म्हणाली, हो, म्हणून तर सांगितलं.

भाऊ, मला फार वाईट वाटलं. मी नेरला गेलो, सातशे वर्षं मागे गेलो, लॅटिनपर्यंत जाऊन आलो, आणि ती दर शनिवारी येऊन माझ्याच चुलीपुढे बसून जेवत होती. फाट्यावर तिला म्हटलं, काळजी करू नको, नाही कळवतो. ती म्हणाली, धावजी काका भले माणूस आहेत, त्यांना दुखवू नका. गाडी आली, ती बसली, आणि खिडकीतून हात केला. हलकं वाटलं. शाम मुलगा खरंच चांगला आहे, पण आमच्या पोरीला विचारणारा माणूस पाहिजे. एवढं बापालाही कळायला वेळ लागला, त्याला तर आणखी लागेल.

ता. क. तिसरा, आणि हा घाईत लिहितो आहे. फाट्यावरून घरी येतो तर धावजी स्वतः ओसरीवर बसलेले. फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून एसटीने आले म्हणे. येताना शेतातल्या वाटाण्याच्या शेंगा आणल्या. मी चहा दिला, पाणी दिलं, जेवायला बसवलं, आणि नाही हा शब्द चार वेळा घशापर्यंत आणला. तो बाहेर येईना. जो माणूस माझ्या घरी दोनदा जेवला, ज्याने आज पुन्हा भाजीत मीठ जास्त म्हणून तिसऱ्यांदा भाजी घेतली, त्याच्या तोंडावर मी नाही कसं म्हणू? ते हात धुऊन बसले आणि म्हणाले, “मंग, काय म्हणते पोरगी?” आणि माझ्या तोंडून निघालं, “नाइस म्हणते.”

त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून परत बांधला आणि विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही. पण आमचे मेहुणे लालसिंगभाऊ तुमच्याच घाटंजीत आहेत, जन्मभर इंग्रजी शिकवलं, ते बरोबर अर्थ सांगतील. मी चिठ्ठी देतो. त्यांना ते पटलं. शिकलेल्या माणसाकडून ऐकलेलं बरं, म्हणाले.

तर भाऊ, हे पत्र तुम्हाला धावजींच्याच हातून मिळतं आहे. तुम्ही वाचत असाल तेव्हा ते समोरच्या खुर्चीवर बसलेले असतील आणि तुमच्या तोंडाकडे बघत असतील, म्हणून तोंडावर काही दिसू देऊ नका. मध्येमध्ये गुडघा दाबा, म्हणजे त्यांना वाटेल त्यानेच तोंड वाकडं झालं. त्यांना अर्थ सांगा. तुम्हाला सुचेल तसा, पण नाही असाच सांगा, आणि पोरीचं मन मोठं आहे, मुलात खोट नाही, हे दोनदा सांगा, कारण ते खरं आहे. शामला म्हणावं, पुढच्या ठिकाणी गेलास की पंप बाजूला ठेव आणि मुलीला काही तरी विचार, जेवलीस का एवढं विचारलं तरी चालेल. आणि एक अडचण झाली आहे. नायकाने काही न विचारता ती भेली धावजींच्या पिशवीत घातली आहे, तुमच्यासाठी म्हणून. ती पिशवीतून बाहेर काढू देऊ नका. तुम्ही मुलीचे मामा, ते मुलाचे बाप. दोघांनी मिळून त्यातला खडा जरी तोंडात टाकला, तर अंगण त्याचं नसलं तरी नायक शब्द दिला असंच धरेल. वहिनींना सांगा, चहा साखरेचाच करावा.

वहीच्या कागदाचं पाकीट करून ते मी खळीने नीट चिकटवतो आहे. ते फुटलेलं दिसलं तर काही सांगू नका, त्यांच्याजवळ नुसतं बसा.